एल निनो पावला

२०१५ च्या उन्हाळ्यात लातूरचे आमचे मेहुणे ‘एल निनो’ हा शब्द, पाऊस पळवतो म्हणून, शिवीसारखा उच्चारत. ऑगस्टात मी सॅन डिएगोला पुतण्याकडे गेलो, तर हा पठ्ठ्या तोच शब्द घरी गणपती यावेत तसा म्हणतोय. “काका, एल निनो आलाय! पाणी तापलंय, टूना वर सरकलाय. चला!”

एरवी दूर दक्षिणेला, मेक्सिकोच्या समुद्रात सापडणारा वाहू मासा त्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या दाराशी आला होता. जूनमध्ये तर किनाऱ्यावर लाल खेकड्यांचा सडा पडला होता. वाहू आपल्या सुरमईच्या भावकीतला, हे ऐकल्यावर मी पासपोर्ट काढला. तो लागतोच, कारण मासे मेक्सिकोच्या हद्दीत. तिथे माणशी दिवसाला दहा मासे, एका जातीचे पाचच, आणि डोराडो नावाचा मासा असेल तर दोनच. आमच्या देवगडात एवढा हिशेब फक्त पंगतीत वाढपी ठेवतो.

मासेमारीची सफर तीन दिवसांची. सॅन डिएगोच्या बंदरातल्या काही बोटी सोळा-सोळा दिवस जातात. त्या खलाशांच्या लेखी आमची भातुकली.

बंदरातच तरंगत्या पिंजऱ्यांतून जिवंत तारल्या भरून घेतल्या. तारली मी आजवर फक्त तळलेली पाहिली होती. इथे तिच्या नाकात गळ घालायचा होता. खलाशी सांगत होता, हळुवार घाला, ती तडफदार पोहली पाहिजे. सुनेला नथ घालणाऱ्या सासूच्या काळजीने मी घातला. माझी तारली गळातून सुटली आणि गेली.

देवगडच्या माणसाला बोट लागत नाही, असं मी पुतण्याला बजावलं होतं. पहिल्या रात्री लागली. खाली स्वयंपाकी मांसाचे जाड तुकडे भाजत होता, त्याचा वास जिन्यावरून माझी चौकशी करायला वर येत होता.

दुसऱ्या दिवशी दूरवर पाण्यात तपकिरी गादीसारखं काही दिसलं. केल्प, म्हणजे तुटून वाहत आलेलं समुद्रशेवाळ. आमच्याकडे शेवाळावर माणूस घसरतो, इथे कप्तान खूश होतो. त्याच्या सावलीला मासे दबा धरून असतात. तारल्यांच्या मुठी पाण्यात उधळल्या आणि समुद्र उकळला. वीस माणसांच्या वीस दोऱ्या एकदम ताठ!

इथला नियम असा, की मासा जाईल तिकडे आपण जायचं. कठड्याला धरून सगळे धावतात. कुणाच्या दोरीखालून, कुणाच्या वरून, खलाशी ओरडतो, “वर! खाली!” लहानपणी शाळेत गोफ विणायचो, तोच हा, फक्त टोकाला मासा. मी चुकून एकदा खालच्याऐवजी वरून गेलो आणि चार अनोळखी अमेरिकनांना माझ्याशी कायमचं जोडून घेतलं. सोडवायला खलाशाला पंधरा मिनिटं लागली. त्याने हसून काही म्हटलं, पुतण्याने ते भाषांतरित केलं नाही.

शेवटी एक यलोफिन टूना लागला. आपला कुपाच, पण ताकद बैलाची. अर्ध्या तासाने दंड माझे राहिले नव्हते. खलाशाने आकड्याने वर ओढला, माझ्या नंबराचं लेबल कल्ल्याला टोचलं आणि थंड पाण्याच्या हौदात टाकला. सोन्यासारखा डोराडोही दोघातिघांना लागला. डेकवर येताच त्याचा रंग उतरत गेला, ते मात्र बघवेना. वाहू कुणालाच नाही.

धक्क्यावर मासा साफ करणाऱ्याने विचारलं, काय काय हवं? मी म्हणालो, डोकं. रांगेतली माणसं वळून बघू लागली. तिरफळं घालून त्याच डोक्याची आमटी केली, पुतण्याच्या बायकोने दोनदा घेतली.

रात्री मेहुण्यांचा फोन आला. “मासे मिळाले म्हणे. आणि पाऊस? तिकडे तरी पडतोय का?”

जुलैत जिथे पाऊस ठाऊक नाही, त्या सॅन डिएगोत त्या जुलैत डोलोरेस वादळाच्या शेपटीने धो धो पाऊस पाडला होता. मी म्हणालो, “नाही हो.”