रागाला गाडी दिसते

राग आंधळा असतो म्हणे. साफ खोटं! रागाची नजर आरटीओच्या इन्स्पेक्टरपेक्षा तिखट असते.

१९३९ साली येल विद्यापीठातल्या जॉन डोलार्ड, नील मिलर आणि आणखी तिघांनी मिळून छातीठोकपणे सांगितलं, की माणूस अंगावर धावून येतो तेव्हा त्याचं कुठेतरी काहीतरी अडलेलं असतंच. आणि अडलं, की तो अंगावर येतोच. त्यातला दुसरा ‘च’ मिलरने दोन वर्षांत मागे घेतला. अडलेला माणूस रडूनही मोकळा होतो, गप्पही बसतो. पण साहेबावरचा राग बायकोपोरांवर निघतो, हे त्यांचं म्हणणं टिकलं. आपण त्याला वड्याचं तेल वांग्यावर म्हणतो. येलमध्ये बहुधा वांगी करत नसावेत.

खरी गंमत केली ती कॅलिफोर्नियात अँथनी डूब आणि अ‍ॅलन ग्रॉस यांनी. १९६८ मध्ये छापून आलेला त्यांचा प्रयोग अगदी साधा होता. सिग्नल हिरवा झाला तरी आपली गाडी हलवायची नाही आणि मागचा किती वेळात हॉर्न मारतो ते मोजायचं. पुढे कधी धुऊनपुसून चकचकीत केलेली क्रायस्लर, तर कधी जुना खटारा. अडवणूक तीच, सिग्नल तोच. खटाऱ्यामागच्या शेकडा ८४ जणांनी १२ सेकंदांच्या आत हॉर्न मारला. क्रायस्लरमागच्यांपैकी निम्म्यांनीच. दोघांनी तर हॉर्नचीही वाट पाहिली नाही, मागून सरळ बंपरलाच धडक दिली. कुठल्या गाडीच्या, हे सांगायला हवं का?

याच दोघांनी कॉलेजच्या पोरांना कागदावर विचारलं, तुम्ही काय कराल? मुलगे म्हणाले, भारी गाडीवाल्याला आधी हॉर्न मारू! कागदावर शूर व्हायला पेट्रोल लागत नाही.

परवा सिग्नलला माझ्यापुढे एक भाजीचा टेम्पो बंद पडला. मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही, वर काच खाली करून दोन शब्दही सुनावले. पुढच्या चौकात काळ्या काचांची, नंबरप्लेटवर ‘दादा’ लिहिलेली गाडी हिरव्या दिव्यात निवांत उभी. मी आरशात भांग नीट करून घेतला.