बाल्कनीतले मेहुणे

आमचे मेहुणे जुलैत स्पेनला जाऊन आले, तेव्हापासून त्यांच्या गळ्यात लाल रुमाल असतो. नागपुरात माणूस मे महिन्यात कानाला दुपट्टा बांधतो, तो झळ लागू नये म्हणून. हा रुमाल मात्र श्रावणात, एसी लावून, कुणीतरी विचारावं म्हणून. मी विचारलं. चूक माझीच.

"पाम्प्लोना, भाऊजी! अंगावर काटा येते!"

मग तासभर काटा. सान फेर्मिनचा उत्सव, 7 ते 14 जुलै रोज सकाळी आठच्या ठोक्याला रॉकेट, सहा बैल मोकळे, पांढऱ्या कपड्यातली माणसं पुढे आणि शिंगं मागे. 875 मीटरची वाट, अडीच-तीन मिनिटांत खेळ खल्लास. 1910 पासून या धावपळीत 16 जीव गेलेत, हा आकडा तर त्यांनी स्वतःच्या कमाईचा असल्यासारखा सांगितला. हेमिंग्वेनं हे सगळं 1926 सालीच कादंबरीत लिहून ठेवलं होतं, पण त्यात हृतिक नव्हता. त्यामुळे आपल्याला 2011 च्या 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'पर्यंत थांबावं लागलं.

"मग तुम्ही कुठवर धावले?"

मेहुणे पंख्याकडे पाहू लागले. "तसं पाह्यलं तं बाल्कनीतून जास्त चांगलं दिसते."

बाल्कनीचं भाडं त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या सौभाग्यवतींनी सांगितलं. त्यानंतर दोघांनीही पोहे घेतले नाहीत.

या धावण्याला स्पॅनिशमध्ये 'एन्सिएर्रो' म्हणतात. शब्दाचा अर्थ कोंडणं. म्हणजे आपला कोंडवाडाच की! गावाबाहेरचे बैल हाकत आखाड्यात नेऊन कोंडायचे, एवढंच मूळ काम. त्यात हौशी पोरं पुढे पळू लागली आणि त्याचं पर्यटन झालं. आपल्याकडे कोंडवाड्याची गाडी निघते तेव्हा बैल जागचा हलत नाही, त्याचा मालक पळतो. तेवढ्यानं आपलं पर्यटन बुडालं.

"पण शिस्त पाहा ना त्यांची," मेहुणे म्हणाले. अठरा वर्षांखालच्याला धावायला मनाई, प्यायलेल्याला मनाई, धावता धावता मोबाइलवर चित्रीकरण केलं तर दंड. मला पटलं. यातली एकेक अट वर्धा रोडवर लावली तर संध्याकाळी सहाला रस्त्यावर फक्त गुरं उरतील.

धावलेले सहाही बैल त्याच संध्याकाळी आखाड्यात मारले जातात, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. मी काढलं तेव्हा म्हणाले, "ते आम्ही नाई पाह्यलं. त्याचं तिकीट वेगळं होतं."

हेच मेहुणे 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली तेव्हा शंकरपटाच्या क्रूरतेवर इतकं बोलले होते, की त्या दिवशी आमच्या घरी वरण करपलं. 2021 मध्ये अटी घालून पट पुन्हा सुरू झाले, मे 2023 मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदाही उचलून धरला; मेहुण्यांनी त्याला क्षमा केलेली नाही.

सासरेबुवांकडे काटोलजवळ एक जोडी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी व्हायची, दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, पुरणाची पोळी. जोडी विकली, ट्रॅक्टर आला. आता सासूबाई बोनेटला कुंकू लावतात आणि पुरणपोळी ड्रायव्हर खातो. (त्याची काही तक्रार नाही.)

"यंदा पोळ्याच्या करीला मारबत पाहायला चला," मी म्हटलं. काळ्या मारबतीचा पुतळा 1881 पासून निघतो, पिवळीचा 1885 पासून. मागे बडगे, त्यांच्या गळ्यात त्या वर्षीच्या सगळ्या पीडांच्या पाट्या. शहरभराची इडापिडा एका दुपारीत जाळून मोकळं व्हायचं. आणि संध्याकाळी तान्हा पोळा, चाकावरचे लाकडी नंदी ओढत बोजारा मागत फिरणारी पोरं.

"इतवारीत?" मेहुणे दचकले. "त्या गर्दीत कोन जाते, भाऊजी? पार्किंग तरी आहे का तिथं?"

मेहुणे त्रिमूर्तीनगरात राहतात. वय त्रेपन्न. मारबत एकदाही पाहिलेली नाही.

रात्री त्यांना सोडायला खाली उतरलो. गाडीपुढे एक वळू बसला होता. पावसात आपले सिमेंटचे रस्ते तेवढे कोरडे असतात, म्हणून. मेहुणे काच वर करून हॉर्न वाजवत राहिले.

"उतरा ना! इथं भाडं नाही, रॉकेट नाही, वेळेचं बंधन नाही!"

"काहून? मारलं म्हंजे?"

पाम्प्लोनात धावणाऱ्यांच्या हातात वर्तमानपत्राची गुंडाळी असते. बैल किती जवळ आला त्याचा अंदाज घ्यायला आणि वेळ पडली तर त्याला चकवायला. मी घरात जाऊन आमच्याच पेपरची गुंडाळी करून आणली, पुढे केली. वळूनं वास घेतला, गुंडाळी ओढली आणि बसल्या जागी शांतपणे चघळायला लागला. रविवारची पुरवणी होती. माझं सदर पान तीनवर. संपवल्यावर त्यानं माझ्याकडे पुन्हा पाहिलं. उठला मात्र नाही.

मेहुणे शेवटी ऑटोनं गेले.