जगात जर्मनी, ॲव्हरेजमध्ये परभणी

परभणी जिल्ह्यात पिकअपच्या मालकाला ॲव्हरेज विचारू नये. तो शोरूममधला आकडा सांगतो, ड्रायव्हर खरा सांगतो, आणि मग दोघांचं भांडण आपल्याला सोडवावं लागतं.

कापसाच्या हंगामात मानवत-सेलूच्या रस्त्यावर गाडी दिसतच नाही. ताडपत्री बांधलेला ढीग तेवढा डुलत येतो. पासिंग दीड टनाचं, माल मालकाच्या हिमतीएवढा. मग पाटा तुटतो, की मालक कंपनीचा उद्धार करतो. मिस्त्रीकडून एक जादा पट्टी टाकून घेतो आणि पट्टी टाकलीच आहे म्हणून आणखी चार क्विंटल भरतो. एअर फिल्टर गुडघ्यावर आपटला की सर्व्हिसिंग झालं. क्लचचा जळका वास केबिनभर पसरला तरी 'अजून एक हंगाम काढंल'. स्पीकर मात्र बंद पडला तर त्याच दिवशी नवा.

डिझेलच्या दराचं दुखणं खरंच त्याच्या हातचं नाही. इथलं इंधन येतं मनमाडच्या डेपोतून, टँकरने, सुमारे तीनशे किलोमीटर. ते भाडं दरात मिसळतं. त्यामुळेच 2018 च्या सप्टेंबरात पेट्रोलची नव्वदी परभणीने मुंबईच्याही आधी ओलांडली. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्यांची छाती तेव्हा किती फुगली, कोण जाणे! डिझेलही त्याच वाटेने येतं.

तेव्हा नवी पिकअप घेणाऱ्यांनो, शोरूममध्ये ॲव्हरेज विचारत बसू नका. मनमाड किती लांब आहे ते विचारा, आणि पाट्याचा भाव आत्ताच काढून ठेवा.