सिंहगड व्हाया नाना पेठ

सदाशिव पेठेतून सिंहगड साधारण 30 किलोमीटर. पुणेकर पहाटे निघतो, गडावर पिठलं-भाकरी आणि मटक्यातलं दही खातो आणि वामकुक्षीच्या आत घरी परततो. पेठेतल्या एका निवृत्त काकांना मात्र एवढ्याच प्रवासाला तीन महिने लागले. त्यांना तो 1986च्या येझदी रोडकिंगवरून करायचा होता आणि रोडकिंग 16 वर्षं सोसायटीच्या जिन्याखाली उभी होती. 'उभी' हा काकांचा शब्द. सेक्रेटरींच्या पत्रातला शब्द होता 'भंगार'.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1961 पासून जावा आणि 1973 पासून येझदी बाहेर पडत होत्या. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. रोडकिंग 250 सीसीची, टू-स्ट्रोक. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, म्हणजे काही घरांत कमावणारा एक आणि बोलणारे दोन असतात तसं. किक डाव्या बाजूला, आणि गाडी चालू झाली की तीच किक पुढे वळवायची, तिचाच गिअर होतो. काकांचा भाचा पहिल्या दिवशी दहा मिनिटं उजव्या बाजूला किक शोधत होता.

पहिला टप्पा जिना ते फाटक, अंतर 12 पावलं. दोन्ही टायरना भेगा, चेन गंजून काठीसारखी ताठ, एअर फिल्टरमध्ये उंदरांचा संसार. काकांनी हौसेनं किकवर पाय ठेवला, तो तसाच राहिला.

"काका, पाय काढा," मिस्त्री ओरडला. "पिस्टन बसलाय. जोर लावलात तर रिंगा तुटतील."

त्यानं प्लग काढला, भोकातून सिलिंडरमध्ये ऑइल सोडलं आणि "चार दिवस हात लावू नका" असं सांगून तो गेला. काकांच्या आयुष्यातले ते सर्वांत लांब चार दिवस. पाचव्या दिवशी गाडी गिअरमध्ये टाकून मिस्त्रीनं मागचं चाक हळूहळू पुढे-मागे हलवलं. दहाव्या-बाराव्या हिसक्याला आत काहीतरी सुटलं. काकूंनी वरून विचारलं, "चालू झाली?" "सरकली," काका म्हणाले.

मग कार्बोरेटर. सोळा वर्षांपूर्वीचं पेट्रोल कधीच उडून गेलं होतं आणि मागे उरला होता काकवीसारखा चिकट थर. मिस्त्रीनं पितळेचा एवढासा जेट काढून उन्हात धरला. त्याच्या भोकातून पलीकडचा उजेड दिसायला हवा, तो दिसेना. त्यात तार घालायची नाही, भोक मोठं होतं आणि गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. म्हणून जेट रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवला आणि सकाळी हवा मारली. टाकीत मूठभर खडी आणि पाणी घालून ती हलवण्याचं काम भाच्याकडे आलं. त्यातून निघालेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं.

दुसरा टप्पा नाना पेठ, दुचाकीच्या स्पेअर पार्टची पंढरी.

"रोडकिंगचं ऑइल सील आहे?"

"साल?"

काकांनी गडबडीत स्वतःचं जन्मसाल सांगितलं.

"गाडीचं," दुकानदार मान वर न करता म्हणाला.

सील हवं होतं, कारण गाडी आता चालू होत होती आणि पांढऱ्या धुराखाली सगळी पेठ झाकत होती. क्रँकचं रबरी सील वाळलं की टू-स्ट्रोक इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळतं. इंजिन खोलणं आलं. पेट्रोलची नळीही नवी घेतली. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. पेट्रोलचा कॉक मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात मिळेल असं कळलं. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. काकांनी अर्धा तास घासाघीस करून कॉक मिळवला. घरी आल्यावर कळलं की तो राजदूतचा आहे.

तिसरा टप्पा संगम पुलाजवळचं आरटीओ. गाडीचा नंबर 'एमएच-12'च्या जन्माआधीचा. 'व्हिंटेज' म्हणून मान मिळेल ही आशा तिथे मावळली, कारण केंद्राच्या 2021च्या नियमानुसार त्यासाठी वयाची पन्नाशी ओलांडावी लागते. रोडकिंगला अजून दहाएक वर्षं कमी! म्हणजे मानासाठी ती तरुण आणि फीसाठी म्हातारी: वीस वर्षांवरच्या मोटारसायकलच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ऑगस्ट 2025 पासून 2,000 रुपये झाली आहे.

अखेर एका रविवारी पहाटे काका निघाले. खिशात एक जादा प्लग, डिकीत ऑइलची बाटली, मागे भाचा. खडकवासल्यापर्यंत सगळं झकास. डोणज्याच्या पुढे घाट लागला आणि तिसऱ्या वळणावर गाडी मिसिंग मारत बंद पडली. प्लग काळा, ओलाचिंब. पंपावर काकांनी मायेपोटी लिटरला 40 मिलिऐवजी अंदाजे दुप्पट ऑइल ओतलं होतं. प्लग बदलला, दुसऱ्या किकला गाडी चालू. वर पिठलं-भाकरी मिळाली, तीन तरुणांनी गाडीचे फोटो काढले. काकांचा कुणी काढला नाही.

उतारावर भाचा म्हणाला, "इंजिन बंद करून सोडा ना, पेट्रोल वाचेल." काकांनी ऐकलं नाही. गिअरमध्ये उतरताना चाकांबरोबर इंजिनही फिरत असतं, पण टू-स्ट्रोकला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच. पेट्रोल तोडलं तर पिस्टन कोरडा घासतो. ते अधूनमधून अ‍ॅक्सिलरेटर पिळत, डबडब करत खाली उतरले.

घरी पोचल्यावर काकांनी पेट्रोलचा कॉक बंद केला आणि कार्बोरेटर रिकामा होऊन इंजिन आपोआप थांबेपर्यंत ते शेजारी उभे राहिले. हे त्यांनी 16 वर्षांपूर्वी केलं असतं, तर जेट तुंबला नसता.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचं पत्र आलं. विषय : धूर व आवाज. 'भंगार' हा शब्द त्यात नव्हता.