नगरथपेटेतले शुक्राचार्य

दुकानातलं बेसिन तुंबलं की मालकाचं तोंड उतरतं, ही जगाची रीत. बंगळूरच्या नगरथपेटेत ती चालत नाही. तिथं आमच्या दाजींचं गलाईचं दुकान आहे. सोनारांकडची मोड आणायची, आटवायची, शुद्ध करायची आणि लगड करून परत द्यायची. अशा दुकानात बेसिनचं पाणी सुळकन खाली गेलं तर दाजींच्या पोटात गोळा येतो. तुंबलं की ते निवांत असतात. आत काहीतरी साठलंय, एवढी तरी खात्री असते.

दाजी विट्याकडचे. सांगली जिल्ह्याच्या त्या दुष्काळी पट्ट्यातून, खानापूर-आटपाडीच्या माळावरून, काही पिढ्यांपूर्वी माणसं मूस आणि चिमटा घेऊन बाहेर पडली आणि देशात जिथं जिथं सराफकट्टा आहे तिथं जाऊन बसली. नगरथपेट ही केंपेगौडाच्या सोळाव्या शतकातल्या जुन्या पेठेतली गल्ली. वर बंगाली कारागीर, खाली मारवाडी सराफ, आणि मधल्या अंधाऱ्या खोलीत आमचे दाजी. इमारतीच्या नळांनाही पिढ्या आहेत. तळाशी गंजलेलं लोखंड, वर प्लास्टिक, आणि दोन्हींच्या सांध्यावर कुणा पूर्वजानं सफेदा लावून गुंडाळलेलं सूत.

या धंद्याचं आणि नळकामाचं मुळातच पटत नाही. सोनं शुद्ध करायचं तर त्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळतात. चांदी-तांबं विरघळतं आणि सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाला बसतं. उरलेल्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदी पुन्हा बाहेर पडते. शेवटी राहतं ते निळं पाणी. ते चुन्यानं मारल्याशिवाय सोडायचं नाही. कुणी विसरलंच, तर आधी पाइपला भोक पडतं आणि मग खालचा सराफ जिना चढून वर येतो. जिन्यावर त्याच्या चपला वाजल्या की दाजी आधी चहा सांगतात.

त्यामुळं दाजींच्या बेसिनखाली थेट गटार नाही. आधी एक पिंप, त्यातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. हात धुतलेलं, भांडी विसळलेलं, फरशी पुसलेलं सगळं पाणी तिथं रात्रभर निवळत पडतं. तळाचा गाळ वाळवायचा, जाळायचा, टाकणखार घालून मुशीत आटवायचा. केरसुणीचा केर फेकायचा नाही. पायपुसणं तर धुवायचंच नाही, ते जुनं झालं की जाळून त्याची राख आटवायची. माझी बहीण लग्न होऊन नवी नवी आली तेव्हा तिनं दुकानातलं पायपुसणं हौसेनं स्वच्छ धुऊन काढलं. दाजी नव्या नवरीला काही बोलले नाहीत. फक्त ती बादली झाकून कपाटात ठेवून आले. बहीण अजून सांगते, की माहेरी इतक्या जपून कुणी तिचे दागिनेही ठेवले नव्हते.

वामनाला दान देताना बळीच्या झारीच्या तोटीत शुक्राचार्य जाऊन बसले, पाणी अडवलं आणि दर्भाच्या काडीनं डोळा गमावून बसले. तेव्हापासून त्यांचं नाव बदनाम झालंय. मला विचाराल तर त्यांची बाजू कुणी नीट मांडलेलीच नाही. मालकाची दौलत तोटीतून वाहून जाऊ नये म्हणून बिचारा स्वतः आत जाऊन बसला! नगरथपेटेत त्यांचं देऊळ बांधलं असतं.

पाणी जपायचं आणखी एक कारण म्हणजे ते येतं कुठून, हे दाजींना पाठ आहे. 1974 पासून बंगळूर कावेरीचं पाणी पितं. सुमारे शंभर किलोमीटरवरच्या तोरेकाडनहळ्ळीहून, जवळजवळ पाचशे मीटर चढ चढवून, तीन टप्प्यांत उपसत ते शहरात आणतात. "गावाकडं टेंभूचं पाणी उपसून येतंय, हितं कावेरीचं," दाजी म्हणतात. "आपल्या नशिबाला चढाचंच पाणी." मार्च 2024 मध्ये शहराचे बोअर आटले, तेव्हा पाणीपुरवठा मंडळानं दुकानं-हॉटेलांच्या नळांना एरेटर बसवायचा हुकूम काढला आणि पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड लावला. सगळी पेठ कुरकुरली. दाजी खूश. धार बारीक झाली, पिंपात खळबळ कमी झाली, गाळ झकास बसायला लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरीच्या पाचव्या टप्प्याचं उद्घाटन झालं, दिवसाला 77 कोटी 50 लाख लिटर जास्तीचं पाणी. ते बाहेरच्या 110 गावांसाठी आहे हे कळल्यावर दाजींचा जीव भांड्यात पडला.

पण तुंबण्यालाही मर्यादा असते. परवा मी गेलो तेव्हा बेसिन काठोकाठ भरलं होतं आणि प्लंबर आला होता. ओडिशातल्या केंद्रापाड्याचा पोरगा. विट्याची माणसं जशी गलाईला, तशी त्या जिल्ह्यातली माणसं नळकामाला देशभर गेलीत. तिथं पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे. पोरानं खाली वाकून बॉटल ट्रॅप बघितला, मग दुकान बघितलं, आणि अतिशय साधेपणानं म्हणाला, "सेठ, पैसा मत दो. जो कचरा निकलेगा, वो मैं ले जाऊँगा."

दाजींनी मान हलवली. पोरगं या गल्लीत नवीन नव्हतं तर!

"पैसा डबल ले," दाजी म्हणाले, "पर कचरा इधरच रखने का." मग आतून स्टीलची परात आणली, ट्रॅपखाली धरली आणि स्वतः स्टूल ओढून समोर बसले. मला म्हणाले, "पाव्हणं, जरा उजेड धरा." मी मोबाइलची बॅटरी धरली. पाना फिरला, वाटी सुटली आणि भसकन काळा गाळ परातीत आला. त्यात साबणाचा चोथा, केसांचा गुंता, कुणाची तरी अर्धी सुपारी आणि कारागिराच्या चिमट्याचं मोडकं टोक. वास असा, की मी बॅटरी धरून तोंड फिरवलं. दाजी मात्र परातीत बोट फिरवून बघत होते.

पोरानं ट्रॅप परत बसवला, टेफ्लॉन टेप लावला, पाणी सोडून दाखवलं. दुप्पट पैसे खिशात टाकले, पिशवी उचलली आणि कोपरापर्यंत माखलेले हात घेऊन बाहेर गल्लीतल्या नळाकडं निघाला.

दाजी स्टुलावरून ताडकन उठले. "अरे भैया! हात हितं धू, हितं!"