काच वर ठेवून लिहिलेलं खुलं पत्र

चौकाचौकांतल्या समस्त विक्रेत्या आणि याचक मंडळींस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपली गाठ रोज पडते पण बोलणं होत नाही. मी आत असतो, एसी चालू असतो, तुम्ही बाहेरून काही सांगत असता आणि मला नुसते हलणारे ओठ दिसतात. काच खाली करून ऐकावं तर गारवा जातो. म्हणून लिहितो आहे. सुशिक्षित माणसाने आपली कैफियत लेखी मांडावी, असं आमच्या पार्ल्यात मानतात.

कैफियत मुख्यतः तुमच्या नजरेबद्दल आहे. सिग्नल लाल झाला की मला मोबाइलमध्ये काहीतरी फार निकडीचं दिसू लागतं. काय, ते मलाही ठाऊक नसतं. कधी मी हवामानाचा अंदाज बघतो. बाहेर ऊन किती आहे ते तुमच्या तोंडावर दिसत असतंच, पण आकडा बघितलेला बरा. बायको शेजारी असली तर आम्ही दोघं एकदम सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर बोलायला लागतो. एवढ्या खुणा केल्यावर समोरच्याने समजून घ्यावं की नाही? तुम्ही उभेच. मग नाइलाजाने दोन बोटं हलवून "पुढे जा" सांगावं लागतं. (पुढे गाड्याच गाड्या आहेत आणि मी स्वतः मघापासून तसूभर पुढे गेलेलो नाही, हा मुद्दा कृपया काढू नये.)

पूर्वी "सुट्टे नाहीत" हे कुणालाही न दुखावणारं उत्तर होतं. ३० जून २०११ ला चार आण्याचं नाणं चलनातून गेलं, तेव्हा तर वाटलं की आता हा विषय आपोआप मिटेल. पण हल्ली तुमच्यातले काही जण फडक्यांच्या गठ्ठ्याला क्यूआर कोड लटकवून येतात. ज्या मोबाइलमध्ये तोंड खुपसून मी बसलेलो असतो, त्यातच माझे पैसे आहेत हे तुम्हाला कळलं आहे. हे काही बरं नव्हे.

आता कामाचं बोलू. काहीच न विकता हात पुढे करणाऱ्या तुमच्या बांधवांना मी नेहमी सांगतो, "हातपाय धड आहेत, काम कर." सल्ला फुकट असतो. पण तो मानून एखादा चार दिवसांनी पिवळी फडकी घेऊन काचेपाशी आला, की मी म्हणतो, "भर रस्त्यात कसला धंदा मांडलाय? वाहतूक अडते." दोन्ही वाक्यं मी अगदी मनापासून म्हणतो. त्यांचा एकमेकांशी मेळ घालत बसण्याइतका वेळ सिग्नल देत नाही.

तुमच्या मालाबद्दल मात्र माझं काही म्हणणं नाही. डिसेंबर उजाडला की सांताक्लॉजच्या टोप्या, जानेवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, २६ तारखेच्या आधी झेंडे, फेब्रुवारीत गुलाब, जूनमध्ये छत्र्या, आणि डास मारायची रॅकेट बारमाही. आमच्याकडे मोठमोठ्या पगाराची माणसं यालाच 'मार्केट रीसर्च' म्हणून सहा महिने लावतात. स्ट्रॉबेरीच्या खोक्यात मोठी फळं वरच्या थरात आणि बारकी खालच्या थरात असतात, त्याचाही मला राग नाही; आमच्या कंपनीचा वार्षिक अहवाल असाच रचलेला असतो. हाजी अलीचा पुस्तकवाला तर गाडी बघून वरचं पुस्तक बदलतो. शेजारच्या टॅक्सीतल्या कॉलेजच्या मुलीला प्रेमकथा, आणि मला कायम श्रीमंत कसं व्हावं याचं. माझ्या गाडीचं मॉडेल जुनं आहे, त्याचा हा परिणाम असावा. ही पुस्तकं चोरून छापलेली असतात, लेखकाच्या हाती दमडी पडत नाही. असल्या चोरीला माझा ठाम विरोध आहे, म्हणून मी शंभराच्या वर देत नाही.

भाव करण्याचं एक शास्त्र मला साधलं आहे, ते इथे नोंदवून ठेवतो. सिग्नलवर सेकंदांचे उलटे आकडे पळत असतात. नव्वद असताना तुमच्याकडे बघूही नये. तेव्हा राज्य तुमचं असतं. तुम्ही वस्तू उलगडून दाखवता, मागच्या सीटवरच्या पोराच्या हातात देऊन मोकळे होता. पंधरा उरले की काच चार बोटं खाली करावी. "कितीला?" "दोनशे." "पन्नास." दहा. मागचा हॉर्न मारू लागतो. "साहेब, दीडशे द्या, बोहनीची वेळ आहे." पाच. इथे गिअर टाकावा. गिअर पडल्याचा आवाज आला की तुमचा भाव घसरत घसरत सत्तरवर येतो. मग मी शंभराची नोट देतो, तुम्ही कमरेच्या पिशवीत तीस रुपये चाचपता, दिवा हिरवा होतो आणि मला निघावंच लागतं. तुम्ही गाड्यांच्या मधून, रिक्षांना चुकवत, नोटा उंच धरून माझ्या मागे धावत येता आणि पुढच्या गर्दीत गाठून तीस रुपये आत टाकता. हे सगळं मला आरशात दिसतं. असं दृश्य बघून, पैसे घेऊन पळून नेमकं कोण चाललंय, असा लोकांचा गैरसमज होऊ शकतो. तेव्हा सुट्टे आधीच हातात ठेवत जा.

तुम्ही म्हणाल, इतरत्रही असाच भाव करता का? नाही. मॉलमध्ये पार्किंगचे पैसे मी पावती न वाचता देतो. टोलनाक्यावर २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. किती कापले ते पुढे गेल्यावर मोबाइलवर कळतं आणि मी ते वाचतही नाही. सगळीकडेच घासाघीस करणं शोभत नाही. माणसाने कुठेतरी तत्त्वाला चिकटून राहावं. मी तुमच्यापाशी तसा राहतो.

अपवाद एकच, शनिवारची लिंबू-मिरची. तिचा भाव मी करत नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन मला मान्य आहे, पण गाडीचे हप्ते अजून चालू आहेत. तसंच तृतीयपंथी मंडळींची टाळी ऐकू आली की माझी काच आपोआप खाली येते. "देव तुझ्या लेकरांचं भलं करो" म्हणणाऱ्या म्हातारीला मी पुढे पाठवतो आणि शापाची धास्ती असेल तिथे नोट काढतो, हा माझा हिशोब तुमच्या लक्षात आला असेलच. पुणे पोलिसांनी एप्रिल २०२४ मध्ये १४४ कलमाखाली तृतीयपंथीयांना चौकात पैसे मागायला मनाई केली, तेव्हा माझ्या कोथरूडच्या मेहुण्याला हायसं वाटलं. "आता त्यांनी काम करावं," तो म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या ऑफिसात एखादीला घे. तर म्हणाला, "मी घेईन रे, पण बाकीच्यांना चालायचं नाही."

आता जरा कायद्याचं. तुमच्यातले विकणारे स्वतःला मागणाऱ्यांपेक्षा वेगळे समजतात, असं दिसतं. तसं समजू नका. आपल्या राज्यात १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. सार्वजनिक जागी भिक्षा मागणं म्हणजे भीक, मग ते गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करण्याच्या मिषाने का होईना, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे तुमच्या हातातलं पेन हे पेन आहे की मिष, ते बघणाऱ्याने ठरवायचं. पकडायला वॉरंट लागत नाही. पहिल्या खेपेला भिक्षेकरी गृहात एक ते तीन वर्षं ठेवता येतं, आणि पुन्हा पुन्हा सापडलात तर दहा वर्षांपर्यंत. दुसऱ्या बाजूला २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. तो तुमची उपजीविका सांभाळायला निघाला आहे: पाहणी करा, समिती नेमा, तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी घ्या, प्रमाणपत्रं द्या. तेच पेन, तोच हात. एका कायद्याने तुम्ही व्यावसायिक आणि दुसऱ्याने भिक्षेकरी. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणं गुन्हा ठरवणारी या कायद्यातली कलमं दिल्लीपुरती रद्द केली. पण दिल्लीने हा कायदा आपल्याकडूनच नेलेला होता. उसनं नेणाऱ्याने वस्तू टाकून दिली म्हणून मूळ मालकाने टाकायची असते थोडीच!

भिक्षेकरी गृहात काम देतात, शिकवतात. तिथल्या माणसांना कामाचा मेहनताना अवघा पाच रुपये होता. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो वाढवून दिवसाला चाळीस रुपये केला. "काम कर" म्हणून मी काचेआडून इतकी वर्षं सांगत होतो, ते हे.

आमच्या घराण्याला मागण्याचं वावडं आहे असं मात्र समजू नका. आजोबा पुण्यात माधुकरी मागून आणि वार लावून शिकले. एकसष्टीच्या भाषणात हे सांगताना वडिलांचा गळा दाटून आला होता, आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या होत्या. अर्थात आजोबा दारात जात, गाडीच्या काचेपाशी नव्हे. आणि गणपतीच्या आधी आमच्याच मंडळाची पोरं चौकात गाड्या अडवून वर्गणी मागतात, तिची पावती मिळते. पावती पुस्तक छापून घ्यायला फार खर्च येत नाही. विचार करून बघा.

इंदूरने मात्र या बाबतीत कमाल केली. तिथे जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरच गुन्हा ठेवायचं ठरलं, आणि दहा रुपये दिले म्हणून एका वाहनचालकावर तो नोंदवलाही गेला. ही सोय मुंबईत तातडीने व्हावी, असं मी सुचवतो. आज न देण्याला दर वेळी नवं कारण शोधावं लागतं: दिलं तर सवय लागते, मागे टोळी असते, यांचे चाळींत फ्लॅट असतात (हे व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं आहे, चाळीत फ्लॅट कसा, ते विचारायचं राहिलं). कायदा झाला की न देणारा मी कद्रू न ठरता नियम पाळणारा नागरिक ठरेन. नागपुरात मार्च २०२३ मध्ये जी-२०चे पाहुणे यायचे होते, तेव्हा पोलिसांनी चौकात भीक मागण्यावर बंदी घातली होती. पाहुणे येताना पसारा आवरणं मी समजू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने मात्र जुलै २०२१ मध्ये सांगून टाकलं की, असली बंदी घालण्याचा उच्चभ्रू दृष्टिकोन आम्ही घेणार नाही, लोक गरिबीपायी भीक मागतात. हा शेरा मला उगाचच व्यक्तिशः लागला.

मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला एक गंमत केली होती. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. सगळ्यांनी कौतुक केलं. माझ्या मनात आलं, ही योजना काढणाऱ्याचा फडक्यांचा धंदा तर नाही? त्याच वर्षी दादर-माहीमच्या सिग्नलांमध्ये पादचारी पुरुषाच्या जागी बाईची आकृती बसवली, स्त्रियांचा सन्मान म्हणून. दिव्यातल्या बाईला पोर नाही, गजऱ्यांची टोपली नाही, आणि ती काच वाजवत नाही. सन्मान करायला सोपी आहे.

तुमच्या मुलांना मी "शाळेत का जात नाहीस?" असं जरूर विचारतो, सात सेकंद उरले असताना. उत्तर मोठं असेल तर मला थांबता येत नाही. ठाण्यात तीन हात नाक्याला मात्र समर्थ भारत व्यासपीठ आणि महापालिका यांनी २०१६ मध्ये पुलाखालीच सिग्नल शाळा काढली. आधी मुलांना आंघोळ, मग नाश्ता, मग धडा. त्यातली काही दहावी पास झाली. त्यामुळे ठाण्यातून जाताना मी हा प्रश्न विचारायचं बंद केलं आहे. खरंच उत्तर मिळण्याचा धोका आहे.

तरीही एकंदरीत आपला सहवास आता फार उरलेला नाही. वांद्र्याला सी-लिंकवर चढलं की पुढे किनारी रस्ता लागतो, आणि मलबार हिलच्या पोटातल्या दोन किलोमीटरच्या बोगद्यातून थेट मरीन ड्राइव्ह. मध्ये एकही सिग्नल नाही. हाजी अलीचा पुस्तकवाला असेल तिथेच असेल. मी त्याच्या बाजूने समुद्रावरून निघून जातो. किनारी रस्त्याला तेरा-चौदा हजार कोटी रुपये लागले. तुम्हा सगळ्यांची फडकी, पेनं, छत्र्या आणि गजरे भाव न करता विकत घेतले असते, तरी एवढे लागले नसते. पण मग काच खाली करावी लागली असती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक गाडीधारक

ता. क. : २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवरची काळी फिल्म काढायला लावली, तेव्हापासून मी तुम्हाला आरपार दिसतो. तुमच्याकडे काचेला चिकटवायच्या काळ्या जाळ्या असतात, त्यातला एक जोड माझ्यासाठी बाजूला ठेवा. आतून बाहेरचं दिसलं नाही तरी चालेल. पन्नासच्या वर देणार नाही.