उचल फेडणार कोण?

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की झरी येते. झरीला आयपीएलचा संघ नाही. मराठवाड्यालाच नाही. पुण्याला दोनदा मिळाला. पहिला 2013 नंतर बंद पडला, दुसरा 2017 साली हैदराबादला अंतिम सामना एका धावेनं हरून घरी गेला तो परत आलाच नाही. पण संघ नाही म्हणून कारभार थोडाच थांबतो? चौकातल्या चहाच्या टपरीवर दहाच्या दहा संघांची मुख्यालयं आहेत. सामने चालू असताना तिथं फारसं काम नसतं, लोक निवांत मॅच बघतात. खरी धावपळ सामने संपल्यावर. कोण कुणाला सोडतंय, कोण कुणावर डोळा ठेवून आहे, कुणाच्या पर्समध्ये किती उरले!

2025च्या नोव्हेंबरातलीच गोष्ट घ्या. कापूस बोंडातून लोंबतोय, वेचायला बाया मिळेनात, सोयाबीनची पोती घरात छतापर्यंत रचलेली. हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झालेला आणि व्यापारी तिथवर यायला तयार नाही. अशा ऐन घाईत टपरीपुढं एकच प्रश्न होता, तो संजू सॅमसनचा. राजस्थान सोडणार म्हणे. चेन्नईला जाणार म्हणे. बदल्यात जडेजा द्यायचा का?

"खेळाडूची बेस प्राइस म्हणजे बोली जिथून वर चढती ती, आन् सोयाबीनची म्हणजे बोली जिथपर्यंत येतच नाही ती," असं एक म्हातारबा मधेच म्हणाले. त्यांना विषयाला धरून बोलायला सांगण्यात आलं.

बातम्यांचे स्रोत पक्के होते. एकाचा चुलतभाऊ हिंजवडीला कंपनीत. तिथं म्हणे सगळं दोन दिवस आधी कळतं. दुसऱ्याचा मेव्हणा हळदीचा ट्रक घेऊन इरोडला गेलेला. इरोड तमिळनाडूत, चेन्नईही तमिळनाडूत, म्हणजे मेव्हणा जवळपास धोनीच्या दारातच उभा. तिसरा काहीच बोलायचा नाही, नुसता हसायचा. सगळ्यात जास्त वजन त्याच्या बातमीला होतं.

हिशेबही चोख. बियाण्याच्या रिकाम्या पिशवीची कोरी बाजू, कृषी सेवा केंद्रातून मागून आणलेला कॅल्क्युलेटर, आणि वर मोठ्या अक्षरात '125 कोटी', म्हणजे एका संघाची पर्स. त्यातून राखलेल्या खेळाडूंचे वजा करत करत पेन खाली उतरायचं. हा हिशेब मांडणाऱ्याला सोसायटीच्या कर्जावर व्याज किती चढलं विचारा, तो म्हणेल, "बघावं लागंल." कॅमेरॉन ग्रीनला किती लागतील, हे मात्र त्याला बघावं लागत नाही. पुढं 16 डिसेंबरला अबुधाबीच्या लिलावात कोलकात्यानं ग्रीनसाठी 25.20 कोटी मोजले. टपरीचा आकडा बराच खाली होता, पण 'अंदाज दिशेनं बरोबर होता' असं एकमतानं ठरलं.

15 नोव्हेंबरला व्यवहार जाहीर झाला. सॅमसन 18 कोटींत चेन्नईला. जडेजा आणि सॅम करन राजस्थानला. आणि जडेजाचे 18 कोटी उतरून 14 झाले. टपरीवर शोककळा पसरली. आमचे एक बागायतदार स्नेही, वीस एकर रान, दारात ट्रॅक्टर, चहाचा कप तसाच हातात धरून म्हणाले, "चार कोटीला मार खाल्ला हो गड्यानं. इतकी वर्षं राबला त्या चेन्नईसाठी. लेकरंबाळं हायेत त्याला." दोघांनी च्‌ च्‌ केलं. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला चेन्नईनं 2022 मध्ये दीड कोटीला घेतलं होतं आणि 2025च्या हंगामाला तो लखनौला 30 लाखांत गेला. तेव्हा मराठवाड्याच्या पोरासाठी इतकं कुणी हळहळलं नव्हतं. 30 लाखांची हळहळ फार वेळ टिकत नाही. तिला किमान एक कोटी तरी लागतात.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल, खेड्यातल्या माणसाला ही ट्रेड-बिडची भाषा नवीन असेल. उलट आहे. आयपीएल आली 2008 साली. मराठवाड्याच्या गावांत गड्यांच्या अदलाबदलीची खिडकी पाडव्याच्या तोंडावर उघडते, आणि ती कैक पिढ्या उघडत आली आहे. सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं, पाडव्याला संपतं. आधी महिनाभर बोलणी. रोख किती, ज्वारी किती पोती, कपडा कुणी करायचा, गड्याच्या घरच्या बाईनं कामाला यायचं की नाही. जमलं की हातावर इसार. मधे कुणाचं दुखलं-खुपलं, लग्न निघालं की उचल. उचल अंगावर असेपर्यंत गडी दुसऱ्याच्या वावरात जात नाही. नव्या मालकाला तोच हवा असेल तर त्यानं जुन्याची उचल फेडायची आणि गडी घेऊन जायचा.

मुंबईनं 2023 मध्ये हार्दिक पंड्या नेमका असाच नेला. 26 नोव्हेंबरला गुजरातच्या राखलेल्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. त्याच रात्री बातमी फुटली, दुसऱ्या दिवशी जाहीर झालं. बदल्यात खेळाडू नाही, सगळा रोखीचा मामला. मुंबईच्या पर्समध्ये एवढे पैसे नव्हते म्हणून ग्रीनला साडेसतरा कोटींना बंगळुरूला धाडलं. पंड्याचे 15 कोटी सगळ्यांना कळले. गुजरातच्या हातावर वेगळे किती टेकवले, ते मात्र कुणी अधिकृतपणे सांगितलं नाही. झरीत असं चाललं नसतं. कुणाची उचल कुणी किती फेडली, हे इथं संध्याकाळपर्यंत गिरणीत कळतं.

साल चालू असताना गड्यानं दुसऱ्या मालकाशी परस्पर बोलणं लावलं तर गावात त्याची बदनामी होते. या बाबतीत आयपीएल गावापेक्षा कडक निघाली. याच जडेजानं राजस्थानशी नवा करार न करता दुसरीकडे बोलणी केली म्हणून त्याला 2010चा अख्खा हंगाम घरी बसवला होता. पंधरा वर्षांनी त्याच राजस्थाननं त्याला मागून घेतलं. जुन्या मालकाकडे चार पैसे कमी घेऊन परतलेले गडी झरीनं पुष्कळ पाहिलेत, त्यामुळे या भागाचं कुणाला नवल वाटलं नाही.

मालक लोकांचं एक वेळ समजतं, त्यांचा पैसा आहे. मला कोडं पडतं ते बघ्यांचं. पंड्या आला, रोहितचं कर्णधारपद गेलं, म्हणून मुंबईच्या चाहत्यांनी टोप्या जाळल्या. 1 एप्रिल 2024 रोजी वानखेडेवर पंड्या नाणेफेकीला आला तर एवढी हुर्यो, की संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. जूनअखेर पंड्यानं विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक टाकलं आणि 4 जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. मधे गेले तीन महिने. आमच्या टपरीनंही तेवढाच वेळ घेतला, फक्त टोपी जाळली नाही. टोपी विकत घ्यावी लागते.

अमेरिकेतले लोक शहाणे असतील असं वाटत असेल तर तेही सोडा. तिथल्या बास्केटबॉलमध्ये फेब्रुवारी 2025च्या पहिल्याच रात्री डॅलसनं आपला हुकमी खेळाडू लुका डॉनचिच लॉस एंजेलिसला देऊन टाकला. बातमी देणाऱ्या पत्रकाराचं खातंच कुणी हॅक केलं असेल, असं लोकांना वाटलं. मग डॅलसचे चाहते स्टेडियमबाहेर चक्क शवपेटी घेऊन आले. महिनोन्‌महिने ज्याला काढा म्हणून ओरडले, त्या व्यवस्थापकाला मालकांनी नोव्हेंबरात खरंच काढलं. ही गोष्ट सांगितल्यावर टपरी क्षणभर गप्प झाली. मग एकानं विचारलं, "आपल्या सोसायटीच्या चेअरमनला कामून नाही चालत असं ओरडलेलं?" विषय बदलण्यात आला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. 2026चा पाडवा 19 मार्चला, म्हणजे झरीची खिडकी उघडलेली. जडेजासाठी गहिवरलेल्या त्या बागायतदारांचा सालगडी अख्खा हिवाळा टपरीच्या बाकाच्या टोकाला बसून हे सगळं ऐकत होता. त्याच्याकडून काही चुकत नाही. रात्री दोनला लाइट आली की दोनला पाणी धरतो, रानडुकरं हाकलतो, मोटार जळाली तर गावातला मिस्त्री यायच्या आत निम्मी उघडून ठेवतो. परवा तो म्हणाला,

"मालक, यंदा रिटेन करायलाव का रिलीज?"

बाक हसला. मालकही हसले. मग गडी म्हणाला, "दहा हजार वाढवा. शेजारच्या गावचे पाटील उचल फेडायला तयार हायेत."

हसू तिथंच संपलं. माज आलाय लोकांना. फुकट राशन मिळतंय ना. मोबाइलनं बिघडले सगळे. जमीन विकून टाकावी आता. जेद्दाहच्या लिलावात ऋषभ पंतला 27 कोटी मिळाले तेव्हा याच बाकानं निर्वाळा दिला होता की ती त्याची मार्केट व्हॅल्यू आहे, त्यात कुणाच्या बापाचं काय जातं. तो निर्वाळा मी आठवणीनं काढला. "अहो, ते वेगळं," असं मला सांगण्यात आलं. काय वेगळं, ते सांगितलं नाही.

शेवटी मालकांनी विचारलं, "पाटील देतो तेवढे मी देतो. मग तर झालं?"

जुन्या मालकाला नव्याची बोली बरोबरीत आणता येते, हा 2024च्या लिलावातला नियम मालकांना पाठ होता. त्याच नियमात पुढं असंही होतं, की त्याआधी नव्याला बोली अजून एकदा वाढवता येते. हे गड्याला पाठ होतं.

"पाटील अजून एकदा वाढवायलेत," तो म्हणाला आणि वैरण टाकायला निघून गेला.

म्हणून तमाम मालकांना या सदरातून हात जोडून विनंती. जडेजाचे चार कोटी राजस्थान आणि जडेजा बघून घेतील. तुम्ही पाडव्याच्या आत गड्याचे दहा हजार वाढवून द्या. पर्समध्ये आहेत. सोयाबीन घरात असलं तरी कापसाचे पैसे जमा झालेत, हे टपरीवर सगळ्यांना ठाऊक आहे.